देवाची कंबर

आमचे वडील, म्हणजे राजाजीनगरातले अण्णा शिंपी, गेल्या भाद्रपदात गेले. आदल्या दिवसापर्यंत मशीनवर होते. रामनाम आणि पायडल एकदमच चालायचं. नाम थांबलं की समजावं, दोरा तुटला.

गल्लीतल्या देवळातल्या रामाला ते दर रामनवमीला नवा अंगरखा शिवत, आणि दर वर्षी त्या दगडी मूर्तीचं माप नव्यानं घेत. "मापाशिवाय कात्री लावू नये, गिऱ्हाईक कुणी का असेना," म्हणत. वहीत मात्र देवाची कंबर दर वर्षी जराशी कमीच भरे. दोष अर्थातच पुजाऱ्याचा. "देव वाळत चाललाय! नैवेद्य जातो कुठं?" पुजारी हात जोडून आपल्या कानडी वळणानं म्हणे, "स्वल्प, जरा शांत व्हा, अण्णा." अण्णा कसले शांत होतात! देवासाठी त्यांनी आईला रोज तुपातल्या शिऱ्याचा डबा करायला लावला. नऊ वर्षं.

यंदा अंगरखा मी शिवला. माप वहीतलं, टेप माझी. देवाला तो बसेचना, कमरेत दोन इंच कमी पडला. दुकानात येऊन अण्णांची जुनी कापडी टेप माझ्या टेपेशेजारी धरली, तेव्हा उलगडा झाला. चाळीस वर्षं ओढून ओढून ती ताणली गेली होती, म्हणून तिच्यावर आकडा दर वर्षी कमी दिसे. देव होता तेवढाच होता.

मी हसत हसत आईला सांगायला गेलो, "अगं, देव कधी वाळलाच नव्हता!"

"कसा वाळेल?" आई म्हणाली. "रोज डबा जात होता ना." आणि तिनं आजच्या डब्यासाठी रवा भाजायला घेतला.