केसरची कूस राखणाऱ्या आमच्या बाई

डॉ. वेणूबाईंची आणि माझी पहिली भेट नंदुरबारच्या दवाखान्यात झाली. मी सुईणपणाची परीक्षा देऊन नुकतीच आले होते आणि अंगात तोरा मावत नव्हता. बाईंनी माझे हात पाहिले. म्हणाल्या, "नखं कापून या, मग बोलू." आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत असताना, माझी चूक सांगितल्यावाचून मला त्यांचा गौरव करता येणार नाही.

धानोऱ्याची केसर पोट वाढले म्हणून सासूबरोबर आली, तेव्हा बाई धडगावच्या फिरतीवर होत्या. मी पोट चाचपले आणि पाचवा महिना सांगून मोकळी झाले. घरी ओटी भरली, गावभर गूळ वाटला गेला. महिन्याभराने बाईंनी तपासले. मूल नव्हते, अंडाशयात गाठ होती.

"नर्सबाईनी ते पोर सांगेल व्हतं!" सासू कडाडली.

"चूक आमच्या दवाखान्याची आहे," बाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

अशी गाठ कर्करोगाची असू शकते म्हणून गर्भाशयासकट सगळे काढून टाकावे, असे थोर सर्जन शिकवीत. भीतीपोटी मीही तेच म्हणत होते. पण मूल होणार नसेल तर घरात सवत येणार, हे केसरला ठाऊक होते. बाईंनी तिलाच विचारले. गाठ परत येऊ शकते, जीव जाऊ शकतो, हेही लपवले नाही.

"बाई, गाठ काढी टाका, पन मन्ही कूस ऱ्हाऊ द्या."

बाईंनी डावीकडची गाठ न फुटता अख्खी काढली. उजवे अंडाशय बोटांत धरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "हे निरोगी आहे. राहू दे," म्हणाल्या आणि टाके घालू लागल्या. पुढे केसर तपासणीला आली नाही, की बाई स्वतः बैलगाडीने धानोरा गाठत. "कापणं सोपं, राखणं जड," असे त्या म्हणत.

तिसऱ्या वर्षी केसर पुन्हा पोट घेऊन आली. सासूने नारळ पिशवीतच ठेवला होता. "पयले बाई हात लावतीन, मंग वटी भरसूत."

बाईंनी तपासले आणि मला पुढे केले. "तुम्ही सांगा." मी पोटावर तळवा ठेवला. तेवढ्यात तळव्याखाली लाथ बसली. "मूल आहे," मी म्हणाले आणि सगळ्यांदेखत रडले.

त्या घरात आता बाईंचा हात लागल्याशिवाय ओटी भरत नाहीत. केसरची लेक नऊ वर्षांची आहे. बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, या मागण्यात माझा स्वार्थही आहे: त्या लेकीच्या ओटीआधीही बाईंचाच हात लागायला हवा.