वहिनीची मोजणी

आमच्या धक्क्यावर लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणतात. ही सवय लावली तिच्या दिराने. तो पाहुण्यांना समुद्राच्या तळाशी फिरवून आणायचा, वहिनी बोट चालवायची. मी शेजारच्या गाळ्यात पाणबुड्यांच्या श्वासाच्या नळ्या दुरुस्त करतो, त्यामुळे दोघांची भांडणं मला फुकटात ऐकायला मिळायची.

"जॅकेट कोण वाळत घालणार? मी काय नोकर आहे तुझी?"

"छे छे, तू तर मालकीण!" असं म्हणून तो पसार.

ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता. नवरा कायम जहाजावर, त्यामुळे दिराचे लाड आणि धपाटे, दोन्ही तिच्याच हातचे.

बोट हलवण्याआधी ती डोकी मोजायची. त्या दिवशी पाण्याला भलती ओढ होती. शेजारच्या बोटीवरचा एक पाहुणा दमून तिच्याच बोटीवर चढला आणि खाली मान घालून ओकत बसला. सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच काळ्या टोप्या, सगळे थंडीने पाठ वळवून बसलेले. वहिनीने डोकी मोजली. मोजणी बरोबर भरली. तिने बोट वळवली.

धक्क्याला लागल्यावर तिने दिराला हाक मारली, "अरे, ऊठ की, दोर धर!"

कोणीच उठलं नाही.

होत्या नव्हत्या तेवढ्या बोटी शोधायला गेल्या. तो सापडला दुसऱ्या दिवशी. थंडीने गेला होता. इकडे धक्क्यावरच्या शहाण्यांनी जिभा सैल सोडल्या: बाई निष्काळजी, बाईच्या हातात बोट द्यायचीच कशाला! यांच्यातल्या एकानेही आयुष्यात डोक्यांपलीकडे चेहरे बघून मोजणी केली नव्हती. मला अजून संताप येतो.

पुढे तो पाहुणा वहिनीच्या घरी आला. मीही तिथेच होतो. तो दारातच रडायला लागला. "ताई, मी दुसऱ्या बोटीचा आहे, एवढं जरी बोललो असतो..."

"दमलेल्या माणसाने जवळच्या बोटीवर चढायचं असतं," वहिनी म्हणाली. "तोच शिकवायचा सगळ्यांना. तुमचं काही चुकलं नाही. बसा, पाणी देते."

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. मुलगा गेल्यापासून त्या सुनेला एका शब्दाने बोलल्या नव्हत्या, बोल लावायलासुद्धा नाही. त्या पाहुण्याकडे न बघता वहिनीसमोर उभ्या राहिल्या.

"त्याचं जॅकेट फुगवलेलं होतं म्हणे. बोटीला दिसावा म्हणून नारिंगी फुगाही वर धरलेला."

"हो."

"मग किनाऱ्याकडे का नाही गं पोहत आला? त्याला तर येत होतं."

वहिनीने हातातला पेला पाहुण्यापुढे ठेवला, पण नजर चुकवली नाही.

"मागे राहिलं तर जागचं हलायचं नसतं, आई. बोट परत येते."

"म्हणजे तो तुझी वाट बघत होता."

"हो," वहिनी म्हणाली. "माझीच."