सीतेची वेणी आणि खिशातला कांदा

कुंडी उपडी केली आणि कुजका वास आला. काळ्या मातीचा लगदा फरशीवर पडला. त्यातून मी मुळं सोडवली. दाबलं की साल सुटून यायची आणि बोटांत नुसता दोरा उरायचा. माझे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, मोरीच्या दारापाशी पाठ करून उभे होते.

"अक्का, जित्ती शे का?"

"इकडे बघा, मग सांगते."

"नई. तुम्हीच सांगा."

इतका भित्रा माणूस उभ्या खानदेशात दुसरा नसेल. भडगावला गिरणेकाठी त्यांची केळीची बाग होती. तिथे साप निघाला तर "सरक बाजूला" म्हणून पुढे जायचे. पण जळगावला मुलाकडे राहायला आले आणि गॅसच्या शेगडीला भ्यायला लागले. चहा उकळेपर्यंत अंगणात थांबायचे. एसटीत ड्रायव्हरच्या मागेच बसायचे आणि त्याला झोप लागू नये म्हणून धुळ्यापर्यंत बोलत राहायचे. एकदा ड्रायव्हरनं पारोळ्याला गाडी थांबवून त्यांना शेवटच्या सीटवर बसवलं, तर तिथूनही ते "भाऊ, जागा शे ना?" म्हणून ओरडत राहिले. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा आमच्याकडे पुष्कळ जण ठेवतात. व्याही तो लग्नाच्या मांडवातही ठेवायचे आणि झोपताना उशाशी घ्यायचे. आहेराच्या पाकिटालाही कांद्याचा वास यायचा.

आणि सगळ्यात जास्त भीती बायकोची. विहीणबाई कधी ओरडत नाहीत. "बरं" म्हणतात आणि गप्प होतात. त्या गप्प बसण्याला ते भ्यायचे.

कुंडीतली ती वेणी विहीणबाईंची होती. यावलकडे त्यांच्या माहेरच्या बांधावर आंबा होता, त्याच्या फांदीवर ती वाढलेली. उन्हाळा सरताना गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लांब घोस लोंबतो, म्हणून सीतेची वेणी. आता ती सहसा दिसत नाही. भावानं केळी लावायला आंबा तोडला, तेव्हा विहीणबाईंनी फांदीच्या तुकड्यासकट ती मांडीवर घेऊन एसटीनं आणली. पुढे भाऊ गेला, शेत विकलं. माहेरचं म्हणून एवढंच उरलं.

धुळ्याला बहिणीचं मांडीचं हाड मोडलं म्हणून विहीणबाई तिकडे गेल्या. इकडे जुनी फांदी भुगा होऊन वेणी खाली पडली. बायको यायच्या आत तिला धष्टपुष्ट करू, असं व्याह्यांनी ठरवलं. जन्मभर केळी केलेली. मोठी कुंडी, काळी माती, शेणखत आणि रोज तुंबेपर्यंत पाणी. पानं पिवळी पडली तसं पाणी वाढवलं. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "वेणी दाखवा." व्याही फोन तोंडासमोर धरून पुतळ्यासारखे बसले. पापणी हलू दिली नाही, म्हणजे चित्र अडकलं असं वाटावं. मागे पंखा फिरत होता.

"पंखा फिरतोय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या येणार होत्या. तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे मला निरोप आला.

मलाही त्यातलं काही येत नव्हतं. झाडावर जगणारी वस्तू मातीत पुरली, एवढं कळत होतं. कात्री शेगडीवर तापवली. व्याही अंगणात गेले. मऊ लागलं तेवढं कापलं. कापत गेले, पण थांबावं कुठे तेच कळेना. शेवटी बोटभर दोन मुळं घट्ट, हिरवट लागली. कापल्या जागी हळद लावली आणि वेणी सावलीत सुकायला ठेवली. व्याही तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसले, आजाऱ्यापाशी बसावं तसे.

सकाळी वखारीतून आंब्याचा ओंडका आणला. नारळाचा काथ्या घालून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं वेणी त्याला बांधली आणि मागच्या ओसरीवर टांगली. पुढे ओलं गोणपाट लावलं. व्याह्यांनी आपला कूलर ओढत तिथे नेला, मग खिशातला कांदा काढून सुतळीनं ओंडक्याला बांधला.

"तिला कांद्याचा काय उपयोग?"

"माले तरी काय उपयोग व्हता? पण जित्ता शे ना मी."

दुपारी विहीणबाई आल्या. ओसरीवर गेल्या, वेणी पाहिली, कांदा पाहिला. "बरं," म्हणाल्या.

त्यानंतर घरात बोलणं बंद. व्याही रोज माझ्या दारात. "अक्का, काल पान गळनं. आता तिले काय सांगू?" जेवण कमी झालं, गाल बसले. मला वाटलं, वेणीच्या आधी हेच जातात.

मग एका सकाळी विहीणबाईंचा फोन आला. "एका मुळाला हिरवं टोक फुटलंय. तुमच्या व्याह्यांना सांगा." व्याही त्यांच्याच शेजारच्या खोलीत होते. मी त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं. ते म्हणाले, "मुंग्या लागतीन का व त्याले?"

ते हिवाळ्यात गेले. उन्हानं नाही, गॅसनं नाही, बायकोनंही नाही. चहा पिऊन कप खाली ठेवला आणि गेले.

ज्येष्ठात विहीणबाईंनी मला बोलावलं. घोस लोंबत होता, हातभर. ओंडक्याला कांदा तसाच, वाळून कागदासारखा झालेला. मी तो काढायला गेले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

वेणी जगली. विहीणबाई आहेत. मी आहे.