उस्मानी नोटेचं लॅमिनेशन
तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानाची नोट आठवते. नाचणगावच्या निवृत्त गुरुजींनी जिवापाड जपलेली ती शंभरेक वर्षांपूर्वीची नोट मी शाळेच्या प्रदर्शनासाठी मागून आणली आणि खराब होऊ नये म्हणून थेट लॅमिनेशनला नेली. झेरॉक्सवाल्या बाईंनी विचारलं, "गुरुजीले इचारलं का?" मी बेधडक "हो" म्हटलं. प्रदर्शनात ती चकचकीत नोट पाहून गुरुजींनी प्लास्टिकची कड नखाने उचकटून पाहिली. "आता काढाले जाऊ त फाटन." तेवढ्यात, प्रदर्शन पाहायला आलेल्या त्याच बाईंनी वहीतून खरी नोट काढून त्यांच्या हातात ठेवली. मला म्हणाल्या, "तुमच्या तोंडावरूनच समजलं होतं सर, इचारलं नाई म्हणून. कलर झेरॉक्स लॅमिनेट करून देली." मला फरकही कळला नव्हता. ती झेरॉक्स माझ्या टेबलावर आहे, आणि अजूनही साध्या कागदाला प्लास्टिक चढवण्याआधी मी त्या बाईंनाच विचारतो.