वहिनीचे दात

आमच्या घरात वहिनीचं पहिलं कौतुक झालं, ते तिच्या दातांचं.

लग्नाला थोडेच दिवस झाले होते. पप्पा मागच्या पडवीत पाग घेऊन बसले होते. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. त्याच्या कडेला शिशाची वजनं लावतात, म्हणजे ते झटकन बुडतं. निवृत्तीनंतर पप्पांना हाच नाद. भुईगावात आमची वाडी आहे, मासे विकत आणणं जड नाही, पण खाडीतून स्वतः धरून आणलेली बोई वेगळी, असं ते म्हणत.

बाजारातली वजनं त्यांना चालत नसत. भंगारवाल्याकडून जुन्या बॅटऱ्या आणायच्या, फोडायच्या, आतलं शिसं पडवीतल्या चुलीवर वितळवायचं, पातळ पट्ट्या ओतायच्या. त्याच चुलीवर आमचं अंघोळीचं पाणी तापायचं. पट्टीचा तुकडा दोरीवर मुडपून दातांनी दाबायचा. पकडीने दोरी तुटते, हे पप्पांचं ठाम मत. आता त्यांना कवळी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ही इंग्लिश मीडियमवाली, हिला चिक्की फुटत नाही," म्हणाले, आणि वहिनीला हाक मारली. "सूनबाई, दात दाखव बघू."

ती लाजून हसली, तेवढ्यात दिसले.

"वा! फुलपाड्याच्या फ्लॅटमधली असून दात वाडीतले."

तेव्हापासून दुपारची भांडी झाली की ती पडवीत बसू लागली. तुकडे गालात धरायची, एकेक काढून चावायची. आईला तिची आमटी पातळ वाटे, पोळ्या जाड वाटत. पडवीत मात्र पप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला तिचं काम दाखवत. ती मान खाली घालून आणखी भराभर चावायची. संध्याकाळी चुलीभोवतीची काळी भुकटी तीच झाडायची.

तिला दिवस गेले तरी ते थांबलं नाही. तिच्या पोटात कळा येत. चेहरा पांढरा पडला.

"आम्ही काय पोरं काढली नाहीत?" आई म्हणाली. "पडवीत बसून दोऱ्या चावायच्या, त्यात कसले आलेत कष्ट?"

पाचव्या महिन्यात बाळ गेलं. आईने भेटायला आलेल्या बायकांना, वहिनी आतून ऐकत असताना, सांगितलं, "फ्लॅटमधल्या मुली. अंगात जोरच नाही."

आई आणि मी वहिनीला विरारच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी तिला तोंड उघडायला सांगितलं. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती.

"घरी काय काम करता?"

"स्वयंपाक," वहिनी म्हणाली.

"आणि शिसं चावते," मी म्हणाले. आई माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी चारचौघांत घरातलं अंथरूण दाखवलं होतं.

रक्ताच्या तपासणीत शिसं निघालं, पुष्कळ. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे घरात बंद करा, रक्तातलं शिसं उतरेपर्यंत दुसऱ्या बाळाचा विचार नको, आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या.

"मी लहानपणापासून तोंडात धरतोय," आम्ही घरी आल्यावर पप्पा म्हणाले. "मला काय झालं?" त्यांच्या हातातली कपबशी खडखडत होती. तिचा तो आवाज आम्हाला इतका सवयीचा की कोणी वर पाहिलं नाही.

दादा म्हणाला, "पप्पा, निदान ती चूल तरी..."

"घर माझं आहे. तिला पडवीत यायचं नसेल तर येऊ नये."

आई म्हणाली, "आणि दुसऱ्या मुलासाठी थांबायचं म्हणजे किती? त्यापेक्षा हिला माहेरी पाठव. बरी होऊन येईल."

वहिनी कपडे भरत होती. मी दारात उभी राहिले.

"तुला इंग्लिश नीट येतं," ती म्हणाली. "फोनवर बघ ना. रक्तातून गेलं की संपलं ना?"

मी वाचलं. तिने माझा चेहरा वाचला होता.

"खरं सांग."

"थोडं हाडांत जाऊन बसतं. वर्षानुवर्षं राहतं. पुन्हा दिवस गेले की बाळासाठी हाडं झिजतात, तेव्हा त्यातलं काही बाहेर येऊ शकतं."

"कुठे येतं?"

"रक्तात. तिथून..."

"बाळाकडे," तिनेच पुरं केलं.

पडवीतून पप्पांचा आवाज आला. "सूनबाई, जायच्या आधी एवढी एक कड पुरी करून जा गं. नुसते चार-पाच तुकडे राहिलेत."

वहिनीने बॅगेची चेन ओढली. पडवीच्या दाराकडे न बघता ती पुढच्या दाराने बाहेर पडली. तिच्यासाठी रिक्षा थांबवायला दादा आला नाही. मी गेले.