वाचलेली ओळ सोडून देणं

कपाशी उगवली नाही त्या वर्षी दुबार पेरणीच्या मोफत बियाण्यासाठी पाच जिल्ह्यांची मिळून एकच यादी निघाली. ती सीडीवर अमरावतीहून अकोल्याला आली. जठारपेठेतल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानातही एक प्रत पोचली. नाव राहिलं असेल तर हरकत त्याच दिवशी पाचपर्यंत कृषी कार्यालयात द्यायची होती.

दोन वाजता आमचे भाजीवाले चाचा आले. सकाळी भाजी विकायची, उरलेला दिवस चार एकर कपाशीत, असा त्यांचा नेम.

मी फाइल उघडली आणि मशीन थिजलं. एवढी यादी त्याच्या मेमरीत एकदम मावणारी नव्हती. मग छोटा प्रोग्राम लिहिला : एक ओळ वाचायची, चाचांच्या गावाची असेल तर दाखवायची, पुढे जायचं. निम्म्यात तोही अडकला.

"काहून, पुन्हा बसलं का थे?"

"अजून नाव आलं नाही, चाचा. पण नाही म्हणायचं तर शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागतं."

"मंग जाय न. वाचलेल्या ओळीचं काय करून राहिली तू?"

"ठेवते. पुढे लागल्या तर असाव्यात."

"कायले? माही बेगम बी असीच. एकबी प्लास्टिकची पन्नी फेकत नाही. आता घरात पन्न्या राहतात अन् आमी ओसरीवर!"

साडेतीन वाजले होते. मी प्रोग्राम पुन्हा वाचला. मला सगळ्याच्या याद्या ठेवायची सवय. इथेही प्रत्येक वाचलेली ओळ मी एका यादीत साठवत होते. म्हणजे फाइल एकदम उघडली नव्हती, तरी हळूहळू सगळी मेमरीत भरत होते. साठवण्याची सूचना खोडली आणि पहिल्यापासून चालवलं. या वेळी मेमरीचा आकडा जागचा हलला नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी शेवटची ओळ आली. पडद्यावर गावातले बाकी सगळे होते, चाचांच्या शेताच्या धुऱ्याला लागून असलेला शेजारीही. चाचा नव्हते.

"नाव नाही, पक्कं?"

"पक्कं."

"मंग टाइप कर लवकर."

अर्ज टाइप केला, सोबत गावाच्या नावांची प्रिंट जोडली. ते सायकलवर गेले आणि पाचच्या आत शिक्का मारून घेऊन आले.

पुरवणी यादीत त्यांचं नाव लागलं. बियाणं मात्र उशिरा मिळालं. त्यांनी दोनच एकर पेरलं.