मामाच्या होडीचा धूर

पडदा वर जातो तेव्हा नदीकाठचं पत्र्याचं गोदाम दिसतं. फळ्यांवर उलट्या निजवलेल्या लांबुळक्या, निमुळत्या कयाक होड्या, दोरीवर ओले टॉवेल आणि धक्क्याला लागून फटफटत उभी मामाची मोटरबोट. मामा म्हणजे संघाचा प्रशिक्षक. आणि चौघींच्या कयाकमध्ये पुढे बसणाऱ्या पोरीचा सख्खा मामा. ती वल्हं मारेल त्या लयीत मागच्या तिघी मारणार. छाती सुईसुई वाजायची म्हणून मैत्रिणी तिला ‘भाता’ म्हणत. तीही हसायची. त्या सकाळपर्यंत.

संघनिवडीच्या शर्यतीत अर्ध्या वाटेवर तिचा श्वास अडकला, लय तुटली, नाव मागे पडली. मामा नेहमी वाऱ्याच्या बाजूनं होडी हाकायचा, शिव्या पोरींपर्यंत नीट पोचाव्यात म्हणून. शिव्यांबरोबर इंजिनाचा धूरही पोचायचा. दुसऱ्या बाजूनं ये, असं ती कैकदा म्हणाली होती. त्यावर, मग माझं बोलणं काय मासे ऐकणार, असं म्हणून तो हसायचा.

शर्यत संपल्यावर धक्क्यावर सगळ्यांदेखत त्यानं सुनावलं, “दम्याचा पंप ओढणारीला पुढे बसवलं, हीच माझी चूक. उद्यापासून तू काठावर.”

मागच्या तिघी मुकाट्यानं कपडे बदलायच्या खोलीत निघून गेल्या. जरा वेळानं ती तणतणत आत शिरली, तर तिघी भिंतीकडे तोंड करून उभ्या. एक बुटातून पंप काढत होती, दुसरी टॉवेलात लपवत होती, तिसरीच्या तर तोंडातच होता.

दमा चौघींना, आणि बोल एकटीला! तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तुम्ही स्वतःला मैत्रिणी म्हणवता ना, असं तिनं विचारलं, तेव्हा तिघींतली धाकटी रडवेली होऊन म्हणाली, की बोललो असतो तर मामानं आम्हालाही काढलं असतं. ते खरंच होतं, म्हणून ती आणखी भडकली. पण आता राग तिघींवरून उठला आणि जिथे बसायला हवा तिथे जाऊन बसला.

ती बाहेर आली आणि थेट कयाकमध्ये, पुढच्या जागेवर बसली. मागोमाग माना खाली घालून तिघी. धाकटीनं मामाच्या डोळ्यांदेखत पंप ओढला. मामाचा चेहरा उतरला, हेका नाही. उतर म्हणतो ना, असं तो पुन्हा ओरडला.

तिनं वल्हं मांडीवर आडवं टाकलं.

“उतरवायचंच असेल तर चौघींना उतरव, मामा. आणि मग हा धूर गिळत तूच वल्हव.”